गेम बॉयचा बॅकलाइट फिका वाटतो, रेझिस्टर बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मामांनी परदेशातून आणलेला जुना करडा गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र, १९८९ साली निघालेलं मूळ मॉडेल. त्याला तुम्ही घरीच एलईडी बॅकलाइटचं, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचं, किट बसवलंत. रात्री अंथरुणात खेळताना ठीक दिसतं, पण दिवसा खिडकीपाशी बसलं की चित्र फिकं पडतं. किटच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा भाग, आहे. कुणीतरी सांगितलं, तिथे २२ ओहमचा लाव, उजेड चौपट होईल. तर लावू का, आणि लावला तर काय बिघडेल?

२२ चा लावू नका, एवढं आधी सांगून ठेवतो. का, ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटला. तुम्ही ‘मंद’ लिहिलं नाहीत, ‘फिकं’ लिहिलंत. मी पुण्यात गेली पंधरा-सोळा वर्षं मोबाईलबरोबर अशी जुनी खेळयंत्रंही दुरुस्त करतो. बॅकलाइट वाढवून द्या म्हणून येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांची खरी तक्रार फिकेपणाची असते. मंद म्हणजे उजेड कमी. फिकं म्हणजे काळं काळं दिसत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला की पदरात काही पडत नाही, वर यंत्राचा जीव जातो.

हा पडदा मुळात कशासाठी घडवला होता ते आधी बघू. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांच्या चमूने गेम बॉयला दिवा दिलाच नाही, आणि तो निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. १६० गुणिले १४४ ठिपके, चार छटा, चार पेन्सिल सेल. सेल टिकले पाहिजेत हा हिशोब. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर आणला. रंगीत पडदा, मागे फ्लुरोसंट नळी, सहा पेन्सिल सेल, आणि ते सहाही सेल तीन ते पाच तासांत संपायचे. निन्टेन्डोने स्वतः मागे प्रकाश असलेला गेम बॉय काढला तो थेट १९९८ मध्ये, तोही फक्त जपानात.

दिव्याऐवजी मूळ पडद्यामागे चंदेरी परावर्तक फिल्म होती, म्हणजे आरसाच म्हणा. खोलीतला उजेड काचेतून आत जायचा, आरशावर आपटायचा आणि त्याच काचेतून परत डोळ्याकडे यायचा. म्हणजे प्रत्येक काळ्या ठिपक्यातून उजेड दोनदा जायचा. समजा काळा ठिपका एका फेरीत चौथा हिस्सा उजेड सोडतो. दोन फेऱ्यांत उरतो सोळावा हिस्सा. किट बसवताना तुम्ही तो आरसा सोलून काढलात आणि मागे दिवा लावलात. आता उजेड एकदाच जातो, आणि काळ्या ठिपक्यातून सोळाव्या हिश्श्याऐवजी चौथा हिस्सा बाहेर येतो. दिवा कितीही चांगला असला तरी हा फरक राहतो. ‘मूळ पडदा उन्हात किती कडक दिसायचा, आता कसा धुतल्यासारखा दिसतो’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण हे आहे.

आता दिवा दुप्पट केला तर काय होईल? कागदावर मांडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या यंत्राचे मोजलेले नाहीत. पांढऱ्या भागातून १०० उजेड येतो आणि काळ्या भागातून २०, असं धरा. वर खोलीतला उजेड पुढच्या काचेवरून परततो, तो दोन्हींत सारखाच मिसळतो. रात्री टेबललॅम्पजवळ तो १० धरू. पांढरं ११०, काळं ३०, म्हणजे साधारण पावणेचार पट फरक. दिवा दुप्पट केला तर २१० आणि ५०, म्हणजे सव्वाचार पट. खूपसा फायदा नाही. त्याऐवजी दिवा तोच ठेवून काळ्यातली गळती अर्धी केली, २० ची १० केली, तर ११० आणि २०. साडेपाच पट! म्हणजे घरातल्या उजेडात काळं सुधारणं जास्त फळतं.

खिडकीपाशी गणित बदलतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे परतणारा उजेड ५० धरा. आहे त्या स्थितीत १५० आणि ७०, जेमतेम दोन पट. दिवा दुप्पट केला तर २५० आणि ९०, पावणेतीनच्या थोडं वर. फक्त काळं सुधारलं तर १५० आणि ६०, अडीच. दोन्ही केलं तर २५० आणि ७०, साडेतीनच्या वर. म्हणजे खिडकीपाशी दिव्याचा उपयोग आहे, पण एकट्या दिव्याचा नाही. आणि भर उन्हात? तिथे वरून मिसळणारा उजेड १००० धरा, मग दिवा दुप्पट करा नाहीतर तिप्पट, पांढऱ्या-काळ्यात फरकच उरत नाही. उन्हात खेळायचं असेल तर आरसा असलेला मूळ गेम बॉयच हवा. हातात एकच यंत्र असेल आणि ते बहुतेक अंगणात किंवा गच्चीवर वापरायचं असेल, तर मी बॅकलाइट बसवूच नका असं सांगतो.

तुम्ही कुठे आणि केव्हा खेळता यावर म्हणूनच बरंच अवलंबून आहे. तुमच्या लिहिण्यावरून घरातच, रात्री आणि दुपारी खिडकीपाशी, असं धरून पुढे जातो.

आता त्या रेझिस्टरकडे येऊ. बहुतेक किटांत पांढऱ्या एलईडी दोन असतात, ॲक्रिलिकच्या पातळ पट्टीच्या कडेला. पुरवठा यंत्रातल्या ५ व्होल्टच्या लाइनवरून घेतलेला असतो. पांढऱ्या एलईडीला जवळपास ३.१ व्होल्ट लागतात. दोन एलईडी एकामागोमाग जोडल्या तर ६.२ लागतील आणि ५ व्होल्टवर त्या पेटणारच नाहीत, म्हणजे त्या समांतर जोडलेल्या आहेत हे न बघता कळतं. रेझिस्टरवर उरतात १.९ व्होल्ट. १०० ओहमला भागलं की १९ मिलिअँपिअर, प्रत्येक एलईडीला साडेनऊ. २२ ओहमला भागलं की ८६, प्रत्येकीला ४३. या आकाराच्या एलईडी साधारण २० मिलिअँपिअरसाठी बनवलेल्या असतात. म्हणजे तुम्हाला दिलेला सल्ला दुपटीहून जास्त करंट ढकलायचा आहे.

बरं, करंट चौपट केला म्हणून उजेड चौपट दिसत नाही. एक तर करंट वाढला की एलईडी तापते आणि तिची कार्यक्षमता घसरते. दुसरं म्हणजे डोळा. उजेड खरोखर दुप्पट झाला तरी डोळ्याला तो साधारण सव्वापटच वाटतो. इतकं करून हाती येतं ते ‘हं, थोडं वाढलं खरं’ एवढंच.

आणि सेलचं काय? गेम बॉयच्या पाठीवरचं लेबल वाचा, ६ व्होल्ट, ०.७ वॉट. सगळ्या यंत्राची भूक तेवढीच आहे. ५ व्होल्टवर १९ मिलिअँपिअर म्हणजे जेमतेम ०.१ वॉट. ८६ मिलिअँपिअर म्हणजे ०.४३ वॉट. यंत्राच्या सगळ्या भुकेच्या निम्म्याहून जास्त एकट्या दिव्याला, आणि तेही पस्तीस वर्षं जुन्या पॉवर बोर्डावरून, ज्याचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग, अनेकदा आधीच वाळलेले असतात. असं केलेल्या यंत्रांत स्पीकरमधून गुणगुण वाढते, आणि सेल थोडे उतरले की खेळ मध्येच बंद पडतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका कॉलेजच्या मुलाच्या हट्टाखातर मी हेच केलं होतं. २२ ओहम लावला, त्याच्यासमोर चालू करून दाखवला, दोघेही खूश. चार-पाच महिन्यांनी यंत्र परत आलं. डावी बाजू अंधारी, उजवीकडे एक झगझगीत पट्टा. उघडलं तर ॲक्रिलिक पट्टीचा एलईडीजवळचा कोपरा पिवळा पडून तुपासारखा दिसत होता. दुतर्फी टेपचा गोंद वितळून पोलरायझर फिल्मखाली (ही एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडते, तिच्यामुळेच ठिपके काळे-पांढरे दिसतात) शिरला होता आणि तिथे तपकिरी ओघळ वाळला होता. दोनपैकी एक एलईडी मेली होती. समांतर जोडणीत एक मेली की सगळा करंट दुसरीच्या वाट्याला येतो. ती दुसरी माझ्या टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत गेली. पॅनल, फिल्म, सगळं माझ्या पदरचं घालून बदलून दिलं. त्यानंतर मी कधी एलईडीच्या मर्यादेपलीकडे गेलो नाही.

तर करायचं काय? माझा क्रम सांगतो. यातला पहिला भाग फुकट आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्या यंत्रांचं काम तिथेच होतं.

आधी रोग ओळखा. कॅसेट न घालता गेम बॉय चालू करा. वरून एक काळा आयत सरकत येतो आणि मध्यभागी थांबतो. काळं आणि पांढरं शेजारी-शेजारी बघायला याच्याइतकी सोपी चाचणी नाही. खोलीतला दिवा पूर्ण घालवा आणि डाव्या कडेचं कॉन्ट्रास्टचं चाक हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. अंधारातही तो आयत राखाडी किंवा मेणचट दिसत असेल, किंवा तो काळा करायला जावं तर शेजारचं पांढरंही मळकट होत असेल, तर तुमचं दुखणं काळ्याचं आहे. अंधारात आयत छान काळा दिसतो आणि खिडकीपाशी नेला की राखाडी होतो, तर बाहेरचा उजेड वरचढ होतोय. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही थोडं-थोडं वाटतं, पण बघून खात्री करा.

मग यंत्र उघडा. सेल आधी काढा, हे नवख्यासाठी नाही, माझ्यासारखेही विसरतात. तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर चपट्याने खेटून उघडू नका, तो पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. पुढचा आणि मागचा भाग एका चपट्या रिबनने जोडलेले असतात. पुस्तक उघडल्यासारखं सावकाश उघडा आणि रिबन सरळ ओढून सोडवा.

आता पडद्यामागची बॅकलाइट पट्टी अलगद सरकवून बाहेर काढा. पडदा स्वतः फार वर उचलू नका. काचेच्या खालच्या कडेला आणि बाजूला ज्या पातळ पट्ट्या आहेत त्या उष्णतेने चिकटवलेल्या असतात. त्या ताणल्या की पडद्यावर उभ्या किंवा आडव्या रेघा गायब होतात. उभ्या रेघा इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, पट्टीवरून हलकेच फिरवून बऱ्याचदा परत येतात. आडव्यांचा भरवसा नसतो.

बॅकलाइट पट्टी हातात आल्यावर नखाने प्रत्येक थराचा कोपरा तपासा. किटमधल्या पोलरायझर फिल्मला दोन्ही बाजूंनी पारदर्शक संरक्षक कागद असतो, पॅनललाही असतो. एका बाजूचा काढतात आणि दुसरा तसाच राहतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हेच पहिलं तपासतो. तो दुधाळ थर आत राहिला की सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसतं. साध्या सेलोटेपचा तुकडा कोपऱ्याला चिकटवून वर ओढा. कागद असेल तर सुटून येईल, नसेल तर काही बिघडत नाही.

मग ॲक्रिलिक पट्टीच्या मागे पांढरा कागद आहे का ते बघा. बसवताना जाडी होते म्हणून काही जण तो काढून टाकतात. तो नसेल तर मागे गेलेला उजेड बोर्डावर वाया जातो. चांगला पांढरा, पातळ, गुळगुळीत कागद कापून घाला. रेझिस्टरला हात न लावता उजेड वाढवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

काचेच्या मागच्या बाजूला आरसा सोलताना राहिलेला गोंद असेल तर तोही फिकेपणा आणतो. दिव्यासमोर तिरकं धरलं की गोंदाचे डाग इंद्रधनुषी दिसतात. कापसाच्या बोळ्यावर आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) दोन थेंब घेऊन मधून कडेकडे पुसा. बोळा ओला हवा, टपकता नको. थिनर किंवा पेट्रोल मुळीच नको. आणि पुढच्या बाजूचा पोलरायझर तसाच राहू द्या, त्याला आयपीए लागू देऊ नका, तो धुरकट झाला की परत येत नाही.

पुढच्या प्लॅस्टिकच्या झाकणाकडेही बघा, ज्यावर डॉट मॅट्रिक्स विथ स्टिरिओ साउंड असं छापलंय. काच असो वा ॲक्रिलिक, प्रत्येक पृष्ठभाग साधारण चार टक्के उजेड परत फेकतो. झाकणाचे दोन पृष्ठभाग आणि पडद्याचा एक, असे तीन मिळून खिडकीतला जवळपास बारा टक्के उजेड तुमच्या डोळ्यांत येतो. त्यात पस्तीस वर्षांचे ओरखडे असतील तर तो पसरून येतो आणि फिकेपणा वाढतो. नवं झाकण फार महाग नसतं, बदलून टाका. मी या बदलाला रेझिस्टरपेक्षा वरचं स्थान देतो.

आता काळं खरोखर काळं करायचा उपाय. बाजारात त्याला बायव्हर्ट म्हणतात. पोलरायझर फिल्म पडद्यामागे धरून चालू यंत्रावर गोल फिरवलीत तर एका दिशेला चित्र सरळ दिसतं आणि नव्वद अंशांत फिरवली की निगेटिव्ह होतं, काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. निगेटिव्ह अवस्थेत एक गोष्ट नीट बघा. ठिपक्यांच्या मधल्या बारीक फटी. सरळ अवस्थेत त्या फटींतून दिव्याचा उजेड सतत गळतो, कारण फटीला विजेचा आदेश मिळतच नाही, ती कायम उघडी राहते. काळा आयत दिसत असतानाही त्याच्यावर उजेडाची बारीक जाळी पसरलेली असते, आणि डोळ्याला ते सगळं मिळून राखाडी दिसतं. फिल्म नव्वद अंशांत फिरवली की फटी कायम बंद. काळं घट्ट होतं.

फक्त चित्र उलटं झालेलं असतं, ते सरळ करायला पडद्याकडे जाणाऱ्या दोन डेटा लाइन उलटवाव्या लागतात. त्यासाठी ७४एचसी०४ हा सहा इन्व्हर्टर, म्हणजे संकेत उलटा करणारी सर्किटं, असलेला छोटा आयसी (चिप) पुरतो. दोन लाइन तोडून, प्रत्येक एकेका इन्व्हर्टरमधून फिरवून परत जोडायच्या. छोट्या सर्किट बोर्डावर तयार बायव्हर्टही मिळतो, तो पहिल्या खेपेला घ्या. सुटा आयसी वापरलात तर न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडायला विसरू नका. ते मोकळे ठेवले की आयसी उगाच करंट खातो आणि चित्र थरथरतं. बायव्हर्ट बसवल्यावर कॉन्ट्रास्टचं चाक नव्याने लावावं लागतं. आधीच्या जागेवर चित्र वेडंवाकडं दिसेल, घाबरू नका.

तुमच्या किटमध्ये बायव्हर्ट आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर तुमच्या यंत्रातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे, आणि मी तुमच्या जागी असतो तर रेझिस्टरला हात लावायच्या आधी हे केलं असतं. त्यात एक तोटा आहे, तो लपवत नाही. पांढऱ्या भागात ठिपक्यांची काळी जाळी स्पष्ट दिसू लागते. मला ती आवडते, अक्षरं कोरल्यासारखी दिसतात. काहींना खटकते.

हे सगळं झाल्यावरही खिडकीपाशी उजेड कमी वाटला, तर रेझिस्टर बदला. पण आधी मोजा. वायर तोडायची गरज नाही. यंत्र चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि दोन्ही काड्या रेझिस्टरच्या दोन टोकांना टेकवा. १.९ व्होल्ट आले तर १०० ओहमला भागा, १९ मिलिअँपिअर. तुमच्याकडे १.६ किंवा २.१ असा आकडा येऊ शकतो, एलईडीप्रमाणे फरक पडतो. त्याच वेळी ५ व्होल्टची लाइनही मोजा, दिवा सोडवून आणि दिवा लावून. दिवा लावल्यावर ती लक्षात येण्याइतकी खाली येत असेल तर पॉवर बोर्डाचे कपॅसिटर आधी बदला, उजेडाचं नंतर बघू.

लाइन ठणठणीत असेल तर ६८ ओहम लावा. २८ मिलिअँपिअर, एलईडीमागे १४. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी इथेच थांबवतो. फारच हवं असेल तर ५६, त्यात एलईडीमागे १७ येतात. ४७ ला बरोबर २० होतात, म्हणजे काठावर, आणि दोन समांतर एलईडी कधीच करंट अगदी समसमान वाटून घेत नाहीत. एकीला २० हून जास्त जाणारच. म्हणून ४७ एकटा कायमचा लावायला मी तयार नसतो. चपटे, बोर्डावर थेट चिकटवायचे एसएमडी रेझिस्टर विकत घेत असाल तर वाचताना गोंधळ होतो तो टाळा. ज्यावर ४७० लिहिलंय तो ४७ ओहमचा, ४७० चा नाही. शेवटचा आकडा किती शून्यं द्यायची ते सांगतो. १०१ म्हणजे १००, ६८० म्हणजे ६८.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी जोडणी वेगळी आहे. ४७ ओहमच्या पुढे २०० ओहमचा छोटा प्रीसेट, म्हणजे फिरवून ओहम कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, सलग जोडायचा आणि सेलच्या कप्प्याजवळ, झाकण काढल्यावर पेचकसाने फिरवता येईल असा बसवायचा. पूर्ण एका टोकाला नेला तर ४० मिलिअँपिअर, दुसऱ्या टोकाला आठाच्या आसपास. रात्री अंधारात आठ-दहा मिलिअँपिअर पुष्कळ होतात. सेल वाचतात, आणि अंधारात उजेड कमी असला की काळंही जास्त काळं वाटतं. दुपारी खिडकीपाशी बसायचं त्या तासाभरापुरतं वाढवा. वरच्या टोकाला तासन्‌तास ठेवू नका, एवढं पथ्य पाळलं की ४७ चालतो.

आणखी एक मार्ग आहे, तो सांगितला नाही तर उत्तर अर्धवट राहील. मूळ काच काढून त्या जागी आयपीएस, म्हणजे आजच्या मोबाईलसारखा एलसीडी, पडदा बसवायची किटं मिळतात. उजेड भरपूर, तो कमी-जास्त करायची सोय, काळं कडक, खिडकीपाशीही उत्तम. तुम्हाला फक्त चांगलं चित्र हवं असेल तर तेच घ्या, मी रोखणार नाही. पण सेल लवकर संपतात, आणि मूळ काचेवर धावणाऱ्या पात्रामागे जो हलका मागमूस राहतो, तो जातो. आमच्या पिढीने हातात घेतलेला पहिला असा पडदा बहुतेक स्वस्तातल्या ब्रिक गेमचा होता, रंगहीन आणि दिव्याविना. खरा गेम बॉय फार थोड्या घरांत होता. तुमच्या घरी तो मामांच्या हातून आलाय आणि काच अजून धड आहे. अशी काच आता नव्याने बनत नाही. मी असतो तर ती ठेवली असती. मात्र हा माझा ओढा आहे, नियम नाही.

उन्हाळ्याबद्दल एक लक्षात ठेवा. या जातीचा पडदा तापला की आपोआप गडद होतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी जे चाक जागच्या जागी असतं, तेच डिसेंबरच्या पहाटे फिकं दाखवतं. सुधारणा झाली की नाही हे ठरवताना आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच वेळी, एकाच जागी, चाक नव्याने लावून काढा. नाहीतर हवामानातला फरक तुम्ही रेझिस्टरच्या खात्यावर जमा कराल.

बंद करताना स्क्रू थेट पिळू नका. आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक्कन बसल्याचं बोटाला जाणवतं, मग घट्ट करा. हे प्लॅस्टिक म्हातारं झालंय, नवा आटा पाडला की भोक सैल होतं. पूर्ण बंद करण्याआधी सेल घालून, कॅसेटशिवाय, तो काळा आयत एकदा खाली येऊ द्या. रेझिस्टरवरचे व्होल्ट किती आले आणि आयत अंधारात कसा दिसला, एवढं कळवलंत तर तुमच्या यंत्रासाठी नेमका कुठला रेझिस्टर ते सांगतो.